खारीचं धाबं

वैशाखात डबरीचं पाणी कमरेवरून घोट्यावर येतं,
काठाला पांढरी फुली धरते,
म्हशी लांबूनच हुंगतात आणि वळतात
तापीच्या वाटेला.
त्याच दिवसांत मी जाते. बारीक जाळी, चार बाटल्या,
कॉलेजच्या कपाटातून सही करून आणलेली
क्षार मोजायची नळी.

झिपरू मिस्तरी काठावर खारी खणत असतो.
घमेल्यात टाकायच्या आधी ढेकळाचा कण
जिभेवर ठेवतो, थुंकतो.
"हाई चालस."
मी नळी उन्हाकडे धरते. हजारात बावीस.
"तुन्ही नळीले काय कयस? जीभले इचार."

श्रावणात इथे अकरा जाती मोजल्या होत्या मी.
पुस्तकात त्यांना चक्रधर म्हणतात:
तोंडाशी केसांची दोन चाकं,
रहाटासारखी फिरताना दिसणारी,
खरं तर न फिरणारी,
नुसती लाट धावते केसांवरून
आणि पाणी ओढलं जातं आत.
पाणी आटतं तसा पंगतीतून एकेक जण उठतो.
हजारात चारला, काटेरी पेटी पाठीवर घेतलेली.
सहाला, शेवाळात सरपटणाऱ्या सगळ्या.
मग कोण कधी गेलं ते वहीत नाही,
त्या आठवड्यात मला ताप होता.

बाविसाला एकच उरलेली. पेल्यासारखी, फुगीर.
ती खाराशी भांडत नाही.
बाहेर जेवढा, जवळजवळ तेवढाच आत येऊ देते
आणि जगते.
फुकट नाही: अंडी कमी होतात,
चाकं मंद होतात,
पोहताना थबकते मध्येच,
विसरल्यासारखी.

सगळ्या माद्याच. आईची लेक, लेकीची लेक,
बापाचा रकाना रिकामा.
गर्दी फार झाली की मगच काही नर जन्मतात,
पोट नसलेले, जेवणाची सोयच नाही,
दोन-तीन दिवसांचे.
त्यांच्यानंतर येतं ते अंडं वेगळं.
जाड कवचाचं. त्याला घाई नाही.
ते गाळात जाऊन बसतं.

आणि गाळ झिपरूच्या घमेल्यातून
शिडी चढतो.
खारी भिजली की फुगते, आपल्या भेगा आपण मिटते,
थेंब खाली जाऊ देत नाही,
म्हणून अर्ध्या गावाच्या डोक्यावर ही डबरीच आहे,
वाळवून, चोपून, उताराने पसरलेली.

हिरकनबाईचा गोठा उतरवला, पत्रे टाकायचे म्हणून.
मी एक ढेकूळ मागून घेतलं.
झिपरू म्हणाला, हे धाबं त्यानं घातलं तेव्हा
त्याची सिंधू पाळण्यात होती.
सिंधू आता शिरपूरला नर्स आहे,
तिची मुलगी दहावीला.

ढेकूळ फोडलं, पापडखाराच्या बरणीत घातलं,
वर पाणी, हजारात पाच, शेजारी ट्यूबलाइट.
आई म्हणाली, चांगली बरणी गेली.
तिसरा दिवस, गढूळ.
सातवा, नितळ आणि रिकामा.
नवव्या दिवशी मी बघितलंच नाही.
बाराव्या दिवशी काचेच्या कोपऱ्यात काहीतरी हललं,
मला वाटलं पापणीचा केस.
एक होती.
एकच, पण तिच्या जातीत
एक म्हणजे सुरुवात.

झिपरूला बोलावलं. तो टोपी काढून
नको तो डोळा मिटून बसला भिंगापाशी,
मग दुसरा मिटला.
बराच वेळ काही बोलला नाही.
त्याचा उजवा हात मात्र मांडीवर
हळूहळू गोल फिरत होता.

"म्हंजे इतला वरीस त्या
मन्हा डोकावर निजेल व्हत्यात?"
तुझ्या नाही, म्हटलं, हिरकनबाईच्या म्हशींच्या.
त्यावर तो हसला नाही.
काचेवरच्या थेंबाकडे बघत
बोट पुढे केलं, मागे घेतलं,
आणि लहान आवाजात विचारलं,
चाखू का.